देशाला तांदूळ हवाय, मग आमचं खाचर ओस का पडतंय?

कातळफूल
नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात आमचं तीस गुंठे भातखाचर आहे. आई-बाबा गावी असतात, मी ठाण्याला. दर जुलैत लावणीला आठवडाभर रजा टाकून जातो. यंदा बाबांचा (वय ७१) फोन आला, म्हणाले, "पुढच्या वर्षी नको करूया. गवत वाढलं तर वाढू दे."

हे ऐकून मी गेल्या हंगामाचा हिशेब मांडला. लावणी, बेणणी (तण काढणं), कापणी, झोडणी मिळून ३२ मजुऱ्या लागल्या. ४०० रुपयांनी १२,८०० झाले. पॉवर टिलरचे ३,००० आणि खत-बियाण्याचे २,५००, म्हणजे एकूण १८,३००. भात झालं नऊ क्विंटल. आम्ही ते विकत नाही, घरी आणि बहिणींकडे जातं. पण २०२५-२६ चा हमीभाव २,३६९ रुपये धरला तर त्याचे २१,३२१ होतात. शिल्लक तीन हजार, आणि त्यात आई-बाबांच्या चार महिन्यांच्या राबण्याचा एक रुपयाही धरलेला नाही. वर रानडुकरांसाठी रात्रीची राखण.

आमच्या वाडीत अठरा घरांची खाचरं होती. आता सहाच घरं लावणी करतात. इकडे पेपरात रोज वाचतो की देशाची लोकसंख्या वाढतेय, तांदूळ जास्त लागणार, उत्पादन वाढवायला हवं. मनापासून पडलेला प्रश्न आहे: देशाला तांदूळ हवा असेल, तर आमच्या खाचराची गरज कोणालाच का भासत नाही? आणि आमच्यासारख्यांनी सोडून दिलं तर खरंच काही बिघडतं का?

मांडवीकाठ
आमचंही सोडून सात वर्षं झाली. आता तिथे माणूसभर रान आहे. बाबांना माझा नमस्कार सांगा.

आकडेमोड
कातळफूल, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर आकड्यांत मिळतं.

१९५०-५१ साली देशात तांदूळ झाला २ कोटी ६ लाख टन. लोकसंख्या होती ३६ कोटी, म्हणजे माणशी ५७ किलो. २०२४-२५ मध्ये झाला १५ कोटी टनांच्या आसपास. १४५ कोटी लोक धरले तरी माणशी शंभर किलोच्या वर. लोक चौपट झाले, तांदूळ सातपट. लागवडीखालचं क्षेत्र मात्र ३ कोटी ८ लाख हेक्टरवरून पावणेपाच-पाच कोटींपर्यंतच गेलं. बाकी सगळी वाढ उताऱ्याची आहे. तेव्हा हेक्टरी ६६८ किलो तांदूळ निघायचा, २०२२-२३ मध्ये २,८३८ किलो.

आणखी एक गोष्ट. माणसाचं धान्य खाणं कमी होतंय. सरकारी घरखर्च पाहणीत १९९९-२००० साली खेड्यातला माणूस महिन्याला १२.७२ किलो तृणधान्य खायचा, २०२२-२३ मध्ये ९.६१ किलो. शहरात १०.४२ वरून ८.०५. भाजी, दूध, अंडी, बाहेरचं खाणं वाढलं की भाताचा वाडगा लहान होतो.

त्यामुळे कडू वाटलं तरी सांगतो, तुमचे तीस गुंठे ओस पडल्याने देश उपाशी राहणार नाही.

सड्यावरचा
आकडेमोड, आकडे खरे असतील, पण हे असं तोंडावर सांगून माणसाचं कंबरडं मोडू नका हो.

झाडीपट्टीकर
गोंदियाहून लिहितोय. आधी एक दुरुस्ती: तुम्ही शेतात 'भात' लावता हे वाचून दर वेळी हसू येते. आमच्याकडे भात ताटात असते. शेतात असते तो धान, बांधीत लावतात तो पऱ्हा, आणि लावणीला म्हणतात रोवणी.

आता मुद्द्याचं. आमचे चार जिल्हे, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धानावरच जगतात. हमीभाव चांगला आहे, पण तो हातात पडेपर्यंत जीव जाते. मागच्या दिवाळीनंतर आमच्या खरेदी केंद्रावर अकरा दिवस बारदाना नव्हता. नोंदणी झालेली, सातबारा दिलेला, धान ट्रॉलीत, आणि पोती नाहीत. मी आणि माझा पोरगा पाळीपाळीने ट्रॉलीखाली झोपलो. बाराव्या दिवशी शेजारच्या दोघांनी व्यापाऱ्याला क्विंटलमागे साडेतीनशे कमी घेऊन धान देऊन टाकला, कारण मुलीच्या लग्नाची तारीख जवळ आली होती.

देशाला तांदूळ पाहिजे हे मला कोठारात दिसते. शेतकऱ्याच्या बाजूला ती मागणी अशी अर्ध्या वाटेत अडकते.

नलूताई
माझं वय ७०. आकडेमोड यांनी १९५०-५१ चा आकडा दिला, त्यानंतरची काही वर्षं मी परळच्या चाळीत काढली आहेत. १९६५-६६ ला रेशनवर तांदूळ मोजूनमापून मिळायचा. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी होती, म्हणून कर्जत-कसाऱ्याच्या बायका कमरेला पिशव्या बांधून लोकलने तांदूळ आणायच्या. आमच्याकडे यायची तिला आई 'मावशी' म्हणायची. ती आतल्या खोलीत जायची आणि बाहेर यायची तेव्हा अर्धी झालेली असायची. आम्हा पोरांना वाटायचं मावशी जादू करते. पुढे मोठेपणी कळलं की पकडली असती तर तुरुंगात गेली असती.

शास्त्रीजींनी सोमवारी रात्री जेवू नका सांगितलं आणि आमच्या चाळीत चुली खरोखर पेटल्या नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात मिलोची तांबडी ज्वारी आली. नंतर रेशनला तो जाडा तांदूळ यायला लागला. गरम असेपर्यंत ठीक, गार झाला की नुसता दगड. पण पोटभर होता. तो पहिल्यांदा भरपूर आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी देवाला नैवेद्य दाखवला होता.

कातळफूल बाळा, एकदा उणीव बघितलेल्या माणसाला ओसाड खाचर बघवत नाही. तुझ्या बाबांनाही बघवत नसेल. थकले असतील म्हणून म्हणाले.

बीजवाचक
नलूताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तो 'दगड' तांदूळ म्हणजे बहुधा आयआर-८ किंवा त्याच्याच पिढीतला. फिलिपाइन्सच्या लॉस बान्योसमधल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९६६ मध्ये तो बाहेर काढला. इंडोनेशियातल्या 'पेटा' या उंच भाताचा तैवानच्या बुटक्या भाताशी संकर. जुनी भातं उंच, खत घातलं की ओंबी जड होऊन आडवी पडायची. हा बुटका, ताठ उभा राहायचा, म्हणून खत पचवायचा. आपल्याकडे १९६८ ला 'जया' आली, तीही याच विचारातून. कोकण-गोव्यात अजून काही घरांत जया लावतात.

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर, १९४६ साली कटकला भात संशोधन संस्था निघाली. माणसं मेल्यावर निघालेली संस्था आहे ती, हे विसरू नये असं मला वाटतं.

आणि कातळफूल, लहान शेतकऱ्याची गरज कुठे आहे ते सांगतो. ओडिशात 'एफआर-१३-ए' नावाची एक स्थानिक जात होती. पुरात पंधरा दिवस बुडूनही जगायची. उतारा कमी, म्हणून मागे पडलेली. तिच्यातला तो एक गुण शोधून 'स्वर्णा' या लोकप्रिय जातीत आणला आणि २००९ मध्ये 'स्वर्णा-सब१' आली. आज पूर्व भारतात बुडणाऱ्या शेतांत ती लावतात. ती जुनी जात कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या लावत राहिलं होतं, म्हणून पुढे संशोधकांच्या हाती लागली. तुमच्याकडे कोणतं बियाणं आहे?

कातळफूल
बीजवाचक, वीस गुंठ्यांत कर्जत-३. वरच्या दहा गुंठ्यांत आई तिच्या माहेरचा लाल भात लावते. त्याला नाव नाही, आम्ही 'आईचा भात' म्हणतो. पाणी कमी पडलं तरी तग धरतो. पेज त्याचीच होते.

पेजवाली
लाल तांदळाची पेज, वर मीठ आणि बाजूला भाजलेला सुका बांगडा. बास. मी या धाग्यावर आता हलणार नाही.

दूरदेशी
न्यू जर्सीतून. २० जुलै २०२३ ला भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, त्या आठवड्यात इथल्या भारतीय दुकानांत जी झुंबड उडाली ती मी पाहिली आहे. घरटी एक पिशवी अशी पाटी लागली. एक आजोबा रिकाम्या फळीसमोर नुसते उभे होते. आम्हाला दुसरं काहीतरी खाऊन भागवता येत होतं, प्रश्न तसा मोठा नव्हता.

पण ऑफिसातला माझा सेनेगलचा सहकारी म्हणाला, "तुमच्याकडची कणी बंद झाली की माझ्या आईच्या घरी जेवण बदलतं." त्यांचा माशाचा भात कणीचाच होतो. कणीवरची बंदी त्याआधीच, सप्टेंबर २०२२ मध्ये आली होती. जगाच्या व्यापारातला साधारण चाळीस टक्के तांदूळ भारतातून जातो. तेव्हा 'देशाची गरज' म्हणताना त्या बाईचा घासही त्यात धरावा असं मला तेव्हापासून वाटतं.

आकडेमोड
दूरदेशी, सहमत. पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली आणि मग गोदामं इतकी भरली की २०२४-२५ साठी ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलला देऊ केला, किलोला साडेबावीस रुपयांनी. कातळफूल यांचा भाताचा खर्च तांदळात बदलून बघा. नऊ क्विंटल भाताचा तांदूळ झाला सहा क्विंटल, खर्च १८,३००. म्हणजे किलोला साडेतीस रुपये, आई-बाबांची मजुरी न धरता.

सड्यावरचा
हे वाचून पोटात कालवलं. आई-बाबा डुकरं राखत रात्र काढतात आणि तेवढ्याच धान्याची दारू… म्हणजे इंधन.

बांधावरून
मी पंजाबात, लुधियान्याजवळ, बियाणं कंपनीत नऊ वर्षं नोकरी केली. भरलेल्या गोदामांची दुसरी बाजू सांगतो.

तिथला माणूस मुळात भातखाऊ नाही. १९६० च्या सुमारास पंजाबात सव्वादोन लाख हेक्टरांवर भात होतं, आज तीस लाखांच्या वर आहे. हमीभावाने खात्रीची खरेदी आणि पंपाला फुकट वीज, या दोन गोष्टींनी ते झालं. जमिनीत वर्षाला जेवढं पाणी मुरतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. मी गेलो तेव्हा आमच्या घरमालकाची बोअर दोनशे फुटांवर होती. निघालो तेव्हा त्याने तिसऱ्यांदा खोल केली होती, आणि त्या दिवशी तो पेढे वाटायच्या ऐवजी गप्प बसून होता.

२००९ च्या कायद्याने १० जूनआधी लावणीला बंदी आली, भर उन्हाळ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून. पाणी थोडं वाचलं, पण कापणी पुढे गेली. मग गव्हाच्या पेरणीला जेमतेम पंधरा-वीस दिवस उरतात आणि पेंढा शेतातच पेटतो. दिल्लीच्या नोव्हेंबरातल्या धुराचा एक भाग तिथून येतो. त्या शेतकऱ्याला दोष देऊ नका. देशाने त्याला सांगितलं पिकव, त्याने पिकवलं.

म्हणून आकडेमोड यांचा "देश उपाशी राहणार नाही" हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. आजची कोठारं आपण उद्याच्या पाण्यावर भरतोय. लांज्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो समुद्रात जातो. जिथे आभाळातून पाणी पडतं तिथलं खाचर ओस, आणि जिथे पाताळातून खेचावं लागतं तिथे हिरवंगार. कातळफूल यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, बिघडतं. आज दिसत नाही इतकंच.

आकडेमोड
मान्य. मी एकूण टन मोजले, ते कुठल्या पाण्याचे हे मोजलं नाही.

मांडवीकाठ
+१. बांधावरून यांचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला.

खाजनवासी
गोव्यातल्या डिचोलीचा आहे. आमच्या पूर्वजांनी खाडी अडवून खाजनं केली. बांध घालायचा, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं भरती-ओहोटीला आपोआप उघडझाप करणार, आणि आत खारं सोसणारा कोरगुट भात. एका घराने बांधाची डागडुजी सोडली की भरतीचं पाणी सगळ्यांच्या शेतात. आमच्याकडे तेच झालं, आता तिथे कांदळवन आहे. कातळफूल, तुमच्या वाडीत सहा घरं उरलीत म्हणता. त्यांतलं एक कमी झालं तर उरलेल्या पाचांची राखण वाढेल, डुकरं तिकडे वळतील. हाही हिशेबात धरा.

झाडीपट्टीकर
खाजनवासी भाऊ, अगदी बरोबर. आमच्या मालगुजारी तलावांचं असंच. पाळ सगळ्यांनी मिळून राखली तर पाणी.

अवांतर: दादाजी खोब्रागडे आमच्या बाजूच्या नागभीड तालुक्यातले, नांदेड गावचे. दीड एकराचा माणूस. १९८३ मध्ये 'पटेल-३' च्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या ओंब्या निवडल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या लावल्या आणि बारीक, चवदार वाण तयार केला. व्यापाऱ्याने घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हटलं. पुण्या-मुंबईत ज्याचा वरणभात खाता तो. २०१८ मध्ये गेले, पैशाच्या ओढाताणीतच. 'तीस गुंठ्यांनी काय होते' म्हणणाऱ्याला हे नाव सांगत जा.

नेरळ_लोकल
सगुणा पद्धत करून बघा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंनी काढलेली. गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, थेट टोकणी. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. आमच्या सोळा गुंठ्यांत मजुऱ्या निम्म्याहून कमी लागल्या, आणि गांडुळं तर खोदावं तिथे.

सड्यावरचा
त्यात तणनाशक मारावं लागतं ना? आमच्या व्हाळाला (ओढ्याला) मासे आहेत, खेकडे आहेत. मला ते पटत नाही.

नेरळ_लोकल
लागतं, खोटं नाही बोलणार. पहिली दोन वर्षं तण फार. माझे वडील ६८ चे आहेत, वाकून लावणी करणं त्यांना शक्य नव्हतं. तणनाशक की पडीक, या दोन्हींत मी पहिलं निवडलं. तुमची काळजी चुकीची नाही.

शेतमास्तर
कृषी सहायक म्हणून ३१ वर्षं केली, रत्नागिरी जिल्ह्यातच. कातळफूल, तुमचा उतारा हेक्टरी तीस क्विंटल भात, म्हणजे वीस क्विंटल तांदूळ. देशाची सरासरी अठ्ठावीस. जागा आहे सुधारायला. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री, म्हणजे चार सूत्रांची भातपद्धत, करा. राबासाठी (रोपांची जागा भाजायला) कवळं, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडून रान उघडं करू नका, रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळा, रोप दणकट होतं. चिखलणीआधी बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला गाडा. लावणी दोरीवर, २५ आणि १५ सेंटिमीटरच्या खुणांवर, एका चुडात (एका जागी) दोन-तीनच रोपं. आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट (गोळी) बोटाने सात-आठ सेंटिमीटर खोल दाबायची. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, कमी लागतं आणि मुळाशी मिळत राहतं.

पहिल्या वर्षी बायका वैतागतात, म्हणतात मास्तर दोरी घेऊन आले. दुसऱ्या वर्षी स्वतःच दोरी मागतात. दोन-तीन रोपांमुळे आवण (लावायची रोपं) कमी लागतं, बेणणीला ओळीतून चालता येतं. एकदम तीस गुंठ्यांत करू नका, एका खाचरात करा.

पेजवाली
आणि लाल तांदूळ विका ना! मी किलोला ९० रुपये देईन, कुरिअर वेगळं. खरंच सांगतेय, निरोप टाकते.

दूरदेशी
मला नाही पाठवता येणार, पण ठाण्याला भाऊ आहे. दहा किलो त्याच्या नावावर लिहा.

नलूताई
माझे पाच. मावशीसारखे कमरेला बांधून आणू नकोस म्हणजे झालं.

कातळफूल
सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. बाबांना धाग्यातले प्रतिसाद वाचून दाखवले. पंजाबच्या बोअरवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या खाचरात सप्टेंबरपर्यंत पाणी नुसतं चालतं, आणि आपण ते फुकट समजतो." खोब्रागड्यांचं ऐकून आई आत गेली आणि कणगीतून लाल भाताचं बियाणं परातीत काढून घेऊन आली. त्यातले पांढरट दाणे निवडत बसली.

ठरलं ते असं. खालची वीस गुंठे शेजारच्या दोघा भावांना अर्धेलीने. डुकरांची राखण सहा घरांनी पाळी लावून, हे बाबाच वाडीत बोलणार आहेत. वरच्या दहा गुंठ्यांत आईचा भात, चारसूत्रीने. शेतमास्तर, बाबांनी दोरीला गाठी मारायला घेतल्यासुद्धा, पट्टी घेऊन पडवीत बसलेत. ब्रिकेटा लांज्यात मिळतील का?

शेतमास्तर
मृगाच्या आधी विचारा, नंतर संपतात. नाहीच मिळाल्या तर मला निरोप टाका. आणि दोरी सुतळीची असेल तर गाठी सोडायला सांगा. चिखलात ओली झाली की आकसते आणि २५ चे २३ होतात. नायलॉनची घ्या, खुणेला रंगीत चिंधी बांधा.

कातळफूल
सुतळीचीच होती. सोडताहेत.